‘एट्रुरिया आणि बार्लास्टन’ : वेजवुडच्या बशीखालचा इतिहास

आजेसासूबाईंच्या कपाटातून आपल्याकडे आलेल्या बशीचे वर्णन आपण नेमके केले आहे. अंग फिकट जांभळट निळे, काठावर बोट फिरवले की जाणवणारी सायीच्या रंगाची द्राक्षवेल, आणि तळाशी ‘वेजवुड’, ‘एट्रुरिया आणि बार्लास्टन’ व ‘मेड इन इंग्लंड’ असा इंग्रजी अक्षरांतला छाप. तिचे वय काय असावे, एट्रुरिया आणि बार्लास्टन ही दोन गावे की दोन कारखाने, आणि ही बोन चायना असेल तर तिच्यात खरोखरच हाडांची राख असते का, असे आपले तीन प्रश्न आहेत. शेवटचा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांनी विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर मी आधी देतो. गेली तीस वर्षे मी चिनी मातीची भांडी घडवतो, भाजतो आणि तडे गेलेली जुनी भांडी सांधतो. पुढचे सारे त्या अनुभवाच्या आणि वेजवुड या इंग्लंडमधल्या भांड्यांच्या कारखान्याच्या इतिहासाच्या आधाराने लिहिले आहे.

बोन चायनात वजनाने जवळजवळ निम्मी भाजलेल्या हाडांचीच राख असते, ही गोष्ट खरी आहे. मात्र आपली बशी बोन चायना नाही. बोन चायनाची बशी उजेडासमोर धरून मागे हात नेला तर बोटांची सावली आरपार दिसते. आपल्या बशीतून ती दिसणार नाही. ही ‘क्वीन्स वेअर’ म्हणजे राणीच्या नावाने विकल्या गेलेल्या मातीच्या भांड्यांच्या घराण्यातली आहे आणि तिचे अंग पांढऱ्या मातीचे व भाजून दळलेल्या चकमकीच्या दगडाचे असते. त्यात हाड नसते. वयाबद्दल एवढे निश्चित सांगता येते की बार्लास्टनचे नाव असलेली बशी १९४० च्या आधीची असू शकत नाही. तसे का, हे समजण्यासाठी मात्र कारखान्याची कथा मुळापासून पाहावी लागेल.

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्याच्या उत्तर भागात, आज ज्या शहरसमूहाला स्टोक-ऑन-ट्रेंट म्हणतात तिथे, जमिनीखाली दगडी कोळसा आणि भांड्यांची माती शेजारी शेजारी सापडत असे. एक मण भांडी भाजायला कित्येक मण कोळसा लागतो, म्हणून कुंभार कोळशाजवळ वसले, आणि स्थानिक मातीचे दिवस सरल्यावरही तिथेच राहिले. पुढे उत्तम पांढरी माती दूरच्या डेव्हनहून आणि चकमक दक्षिणेकडून मागवावी लागली तरी कोळसा मातीकडे नेण्यापेक्षा माती कोळशाकडे आणणेच परवडत होते. या मुलखातल्या बर्स्लेम गावी १७३० मध्ये कुंभाराच्या घरी जोसाया वेजवुडचा जन्म झाला. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला देवी आल्या. त्यातून तो वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला.

चाकावर काम न करणाऱ्या वाचकाला या दुखण्याचा अर्थ सहज कळणार नाही. त्या काळी कुंभाराचे चाक पायाच्या रेट्याने फिरत असे, आणि तो पाय निकामी झाला की घडवणाऱ्याचा अर्धा धंदा संपतो. १७४४ मध्ये थोरल्या भावाकडे उमेदवारी करू लागलेला जोसाया हळूहळू चाकावरून उठला आणि मातीचे मिश्रण, झिलई व भट्टी यांकडे वळला. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा मला या दुखण्यात दिसते. १७५४ मध्ये तो टॉमस व्हील्डन या नामवंत कुंभाराचा भागीदार झाला आणि तिथेच त्याने प्रयोगांची वही सुरू केली. प्रत्येक चाचणीला क्रमांक, घटकांचे प्रमाण, भट्टीतली जागा आणि निकाल अशी तिची नोंद असे, आणि घटकांची नावे सांकेतिक आकड्यांत लिहिलेली असत, म्हणजे वही दुसऱ्याच्या हाती पडली तरी तिचा उपयोग होऊ नये. जे कुंभारकाम पिढ्यानपिढ्या डोळ्यांच्या अंदाजावर आणि वाडवडिलांच्या सांगण्यावर चालत आले होते, त्याची अशी क्रमवार नोंद त्याने ठेवली. वेजवुडच्या कारखान्याचा खरा पाया ती वही आहे, असे माझे मत आहे. राजघराण्यांचे आश्रय आणि बाजारातली चतुराई त्यानंतर आली.

१७५९ मध्ये बर्स्लेममध्ये भाड्याच्या जागेत त्याने स्वतःचे काम सुरू केले आणि पहिली मोठी कामगिरी केली ती सायीच्या रंगाच्या भांड्यांत. अशी भांडी त्याच्या आधीही होत होती, पण त्यांचा रंग एका भट्टीत पिवळा तर दुसऱ्या भट्टीत तपकिरी येई आणि झिलईला बारीक भेगा पडत. वेजवुडने अंगाची माती आणि शिशाची झिलई यांचा मेळ असा बसवला की रंग फिकट व एकसारखा येऊ लागला आणि गरम चहा ओतला तरी भांडे तडकेनासे झाले. १७६५ मध्ये शार्लट राणीसाठी चहाचा संच बनवण्याचे काम त्याने घेतले, आणि पुढच्या वर्षी त्याला राणीचा कुंभार म्हणवून घेण्याची मुभा मिळाली. त्या दिवसापासून ही साधी सायीच्या रंगाची भांडी क्वीन्स वेअर झाली. पोर्सेलीन परवडत नसलेल्या मध्यमवर्गाला राणीच्या नावाचे, हलके, स्वच्छ धुता येणारे ताट मिळाले, आणि लिव्हरपूलच्या सॅडलर व ग्रीन यांच्या कारखान्यात त्यावर तांब्याच्या पट्टीवरून कागदाने चित्र उतरवण्याची सोय झाल्याने नक्षीही स्वस्त झाली.

लिव्हरपूलच्याच एका फेरीत, १७६२ मध्ये, गुडघ्याला पुन्हा इजा होऊन तो अंथरुणाला खिळला असताना टॉमस बेंटली या बहुश्रुत व्यापाऱ्याशी त्याची ओळख झाली. बेंटलीला अभिजात कला, युरोपातल्या भाषा आणि श्रीमंतांची अभिरुची ठाऊक होती. वेजवुडला माती ठाऊक होती. दोघांनी शोभेच्या भांड्यांसाठी भागीदारी केली. कच्चा माल खेचरांच्या पाठीवरून खडबडीत रस्त्याने येई आणि तयार माल त्याच रस्त्याने फुटत जाई, म्हणून वेजवुडने ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्यासाठी पैसा आणि शब्द दोन्ही खर्च केले. १७६६ मध्ये पार्लमेंटने त्यासाठी कायदा केला, पहिले ढेकूळ वेजवुडच्याच हातून उचलले गेले, जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने आखणी केली आणि १७७७ मध्ये कालवा पूर्ण झाला. कालवा जिथून जाणार होता तिथली जमीन घेऊन वेजवुडने नवा कारखाना आणि कामगारांची वस्ती उभारली व तिला एट्रुरिया हे नाव दिले. इटलीत उत्खननात सापडणारी काळी-तांबडी प्राचीन भांडी एट्रुस्कन लोकांची आहेत असा त्या वेळी समज होता, त्यावरून हे नाव आले. त्यांतली बरीच भांडी प्रत्यक्षात ग्रीक होती.

तर आपल्या बशीवरचे पहिले नाव हे. १३ जून १७६९ रोजी एट्रुरियाचे काम सुरू झाले तेव्हा वेजवुडने स्वतः चाकावर बसून काळ्या बसॉल्ट मातीचे सहा कलश घडवले आणि चाक बेंटलीने फिरवले. हा प्रसंग पुष्कळदा केवळ मैत्रीचे प्रतीक म्हणून सांगतात, पण त्यात एक गरजही होती. आदल्या वर्षी, मे १७६८ मध्ये, वेजवुडचा उजवा पाय भुलीच्या औषधाशिवाय गुडघ्याच्या वर कापावा लागला होता. कलशांवर लॅटिनमध्ये ‘एट्रुरियाच्या कला पुन्हा जन्म घेत आहेत’ असे लिहिले आहे.

एट्रुरियात एक कारागीर संपूर्ण भांडे घडवत नसे. मळणारा, चाकावरचा, कातणारा, कान जोडणारा, झिलई देणारा, रंगवणारा अशी कामे वेगळी होती आणि कामगारांना घंटेवर यावे लागे. १७९० मध्ये तिथे २७८ माणसे होती, त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती, आणि जवळजवळ प्रत्येकाचे काम ठरलेले होते. एका हाताने सबंध भांडे घडवण्याचे समाधान या पद्धतीत हरवले, आणि कुंभार म्हणून मला त्याची खंत वाटते. पण त्याच पद्धतीमुळे हजार बश्या एका मापाच्या, एकीवर एक नीट बसणाऱ्या झाल्या, हेही मान्य केले पाहिजे. रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीने मागवलेला ९५२ नगांचा संच या पद्धतीविना झालाच नसता. ज्या राजवाड्यासाठी तो होता ती जागा बेडकांच्या दलदलीची म्हणून ओळखली जाई, त्यामुळे प्रत्येक नगावर एक हिरवा बेडूक आहे, आणि त्यासोबत ब्रिटनमधल्या किल्ल्यांची, उद्यानांची, भग्न मठांची १,२२२ वेगवेगळी दृश्ये हाताने रंगवलेली आहेत. १७७४ मध्ये तो पूर्ण झाला, रवाना होण्याआधी लंडनच्या दालनात मांडला गेला आणि तो पाहायला उच्चभ्रू मंडळी लोटली. सम्राज्ञीने २,७०० पौंडांहून थोडे अधिक दिले. खर्च वजा जाता नफा फारसा उरला नाही, पण त्या प्रदर्शनाने जे नाव झाले ते मोठे होते.

आता आपल्या बशीवरच्या द्राक्षवेलीकडे येतो, कारण तिचे मूळ वेजवुडच्या सर्वांत अवघड कामात, जॅस्पर नावाच्या मातीच्या भांड्यांत आहे. प्राचीन कोरीव रत्नांसारखी, रंगीत जमिनीवर पांढऱ्या आकृती असलेली भांडी त्याला हवी होती. ती झिलईने होणार नव्हती. मातीच अशी हवी होती की जी काचेसारखी घट्ट भाजेल, तरी वाकणार नाही, आणि धातूच्या भस्माने आरपार रंगेल. हजारो चाचण्यांनंतर, १७७४-७५ च्या सुमारास, डर्बीशायरच्या खाणीतल्या एका जड पांढऱ्या खनिजाने त्याला वाट दाखवली. त्याला खाणकामगार ‘कॉक’ म्हणत आणि रसायनशास्त्रात ते बेरियम सल्फेट आहे. जॅस्परच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग हेच खनिज असते.

यातली अडचण काम करणाऱ्यालाच उमगते. पांढरी आकृती साच्यात दाबून काढतात आणि ओल्या पृष्ठभागावर केवळ पाण्याने चिकटवतात. वाळताना आणि भाजताना माती आकसते, आणि खालच्या रंगीत मातीने व वरच्या पांढऱ्या मातीने अगदी सारख्याच प्रमाणात आकसले पाहिजे. किंचित फरक पडला तर पानाची टोके उचलली जातात किंवा आकृती गळून पडते. रंगासाठी घातलेले कोबाल्ट मातीचे आकसणे आणि वितळणे दोन्ही बदलते, आणि भट्टी जरा तापली की पांढऱ्यात निळी झाक चढते. माझ्या उमेदीच्या काळात मी अशा दोन मात्या जुळवण्यात एक सबंध पावसाळा घालवला, आणि भट्टी उघडल्यावर तळाशी पडलेली पाने वेचताना मला प्रथमच कळले की त्या माणसाने प्रत्येक चाचणीला क्रमांक का दिला असेल. कोणता घटक किती वाढवल्यावर काय बिघडले, हे स्मरणात ठेवणे अशक्य आहे. पुढे कोबाल्ट महाग पडू लागल्यावर त्याने आतले अंग पांढरे ठेवून वरून रंगीत मातीचा पातळ लेप देण्याची युक्ती काढली. जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराने जॅस्परसाठी अनेक नमुने केले, आणि १७९० मध्ये पोर्टलंड कलश या रोमन काचपात्राची जॅस्परमधली प्रतिकृती लोकांसमोर आली. मूळ पात्र पोर्टलंडच्या सरदाराकडून उसने मिळाल्यापासून त्या कामात सुमारे चार वर्षे गेली होती. आपल्या बशीवरची वेल याच रीतीने साच्यातून काढून चिकटवलेली आहे. फरक इतकाच की खालची माती जॅस्परची नसून क्वीन्स वेअरची आहे आणि वर पारदर्शक झिलई आहे.

मातीचे हे आकसणेच त्याने मोजमापासाठीही वापरले. भट्टीच्या आत किती उष्णता आहे हे सांगणारे साधन त्या वेळी नव्हते. पारा तिथे टिकत नाही. मातीचे लहान ठरावीक तुकडे भट्टीत ठेवून, ते किती आकसले हे पितळी पट्ट्यांमधल्या निमुळत्या खाचेत बसवून पाहायचे, अशी युक्ती त्याने १७८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे मांडली आणि पुढच्या वर्षी तो तिचा सभासद झाला. त्याच्या मापाने येणारे आकडे खऱ्या तापमानापेक्षा बरेच चढे होते, तरी एका भट्टीची दुसरीशी तुलना करायला ते पुरेसे होते. १७८७ मध्ये त्याने जॅस्परचेच एक लहान पदक काढले. त्यावर साखळदंडात गुडघे टेकलेला आफ्रिकी माणूस विचारतो, ‘मी माणूस नाही का, भाऊ नाही का?’ गुलामीच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीला ही पदके त्याने विनामूल्य दिली. लोक ती पिनांत आणि बांगड्यांत बसवून मिरवू लागले. इतक्या लहान मातीच्या वस्तूने इतके मोठे काम केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

बेंटली १७८० मध्ये आणि जोसाया ३ जानेवारी १७९५ रोजी वारला. मुलांचा ओढा कारखान्याकडे कमी होता. एक मुलगा, टॉमस, चांदीच्या क्षारांवर प्रकाशाने प्रतिमा उमटवण्याच्या नादात छायाचित्रणाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला, आणि मुलगी सुसाना ही चार्ल्स डार्विनची आई. नेपोलियनच्या युद्धांनी निर्यात मंदावली. १८१२ मध्ये सुरू केलेले बोन चायना दहा-एक वर्षांत थांबले आणि ते कायमचे सुरू झाले १८७८ मध्ये. म्हणजे वेजवुडचे नाव आणि बोन चायना यांचे जे समीकरण आज आपल्या मनात आहे ते कंपनीच्या पहिल्या शंभर वर्षांना फारसे लागू पडत नाही. १९०३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासासाठी बोन चायनाचा मोठा संच गेला, त्यानंतर ही ओळख पक्की झाली.

दुसरे नाव, बार्लास्टन, आले ते जमिनीमुळे. ज्या कोळशाने एट्रुरिया वसवले, त्याच्याच खाणींनी तिच्या खालची जमीन पोखरली, आणि विसाव्या शतकापर्यंत कारखाना कालव्याच्या पातळीखाली खचला होता. इमारती जुन्या, धूर भरपूर आणि जागा अपुरी होती. तेव्हाच्या वेजवुड पिढीने स्टोकच्या दक्षिणेस काही मैलांवर बार्लास्टनला मोकळी जमीन घेतली. १९३८ मध्ये कोनशिला बसली, आणि १९४० पासून विजेच्या बोगदाभट्ट्यांतून तिथली भांडी बाहेर पडू लागली. बोगदाभट्टीत भांड्यांच्या गाड्या एका टोकाने शिरतात आणि हळूहळू सरकत दुसऱ्या टोकाने भाजून बाहेर येतात. भट्टी विझवावी लागत नाही, धूर नसतो आणि उष्णता सारखी राहते. अठराव्या शतकात ज्याने उष्णतेचे मोजमाप शोधले, त्याच्या वारसांनी हे करावे हे मला फार योग्य वाटते. महायुद्धामुळे एट्रुरियातले काम काही काळ चालूच राहिले आणि १९५० मध्ये ते पूर्ण थांबले. म्हणून दोन्ही नावे एकत्र असलेला छाप: गावे दोन, कारखानेही दोन, पण कंपनी एकच.

त्यानंतरची कथा मुख्यतः मालकीची आहे. १९६० च्या दशकात कंपनीने स्टॅफर्डशायरमधले अनेक जुने कारखाने विकत घेतले, १९८६ मध्ये आयर्लंडच्या वॉटरफर्ड या काचेच्या कंपनीने वेजवुडलाच घेतले, जानेवारी २००९ मध्ये तो समूह दिवाळखोरीत गेला, आणि २०१५ पासून हे नाव फिनलंडच्या फिस्कर्स कंपनीकडे आहे. या पडझडीत निवृत्तिवेतनाच्या थकबाकीपोटी कारखान्याचे संग्रहालयच विकले जाण्याची वेळ आली. त्यात त्या प्रयोगांच्या वह्या आणि जॅस्परच्या क्रमांकित चकत्याही होत्या. २०१४ मध्ये लोकवर्गणी आणि अनुदाने यांतून १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड उभे राहिले आणि संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीचा होऊन बार्लास्टनलाच राहिला. त्या वह्या लिलावात विखुरल्या असत्या तर आमच्या व्यवसायाची कधीही भरून न येणारी हानी झाली असती.

बशीचे नेमके वर्ष काढायचे असेल तर तळ तिरप्या उजेडात धरून शाईच्या छापाखेरीज ठशाने दाबलेली अक्षरे आहेत का ते पाहावे. दिसत नसल्यास पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच घासावी. १८६० पासून कंपनी तीन अक्षरांचा संकेत दाबत असे आणि १९३० च्या सुमारापासून महिना व वर्ष आकड्यांत देऊ लागली, तेव्हा आपल्या बशीवर आकडे मिळण्याची शक्यता अधिक. घरात या नावाची इतर भांडी असतील तर त्यांनाही हीच परीक्षा लावावी. नुसते ‘इंग्लंड’ लिहिलेले भांडे साधारण १८९१ नंतरचे, कारण त्या वर्षी अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. ‘वेजवुड आणि बेंटली’ असेल तर ते १७६९ ते १७८० मधले आणि तज्ज्ञाला दाखवण्याजोगे. ‘वेजवुड अँड कंपनी’ हा बहुधा टन्स्टॉल गावचा निराळा कारखाना, आणि इंग्रजी नावात मध्ये एक जादा ‘ई’ असेल तर ते स्टॉकटनच्या एका कारखान्याचे अनुकरण, ज्याला १८४८ मध्ये न्यायालयाने मनाई केली.

बशी वापरायला हरकत नाही, पण झिलईत केसासारख्या भेगा दिसत असतील तर तिच्यात रस्सा किंवा लोणचे ठेवू नये. हळद आणि तेल त्या भेगांतून अंगात उतरते आणि तो डाग कोणत्याही साबणाने निघत नाही. जुन्या झिलईत शिसे असण्याची शक्यता धरून लिंबू, चिंच यांसारखे आंबट पदार्थही टाळावेत. कोमट पाण्याने हाताने धुवावी, वेलीच्या कडांत साचलेली धूळ मऊ ब्रशने काढावी, आणि दोन बश्या एकमेकींवर ठेवताना मध्ये मलमलीचा तुकडा घालावा, कारण उठावाच्या पानांची टोके सर्वांत आधी टवकतात.